आधी सावधान, मग अक्षता

निरगुडसरच्या साळुबाईंच्या तेजस्विनीचं लग्न मी मोडलं नाही, एवढं एकच माझ्या बाजूनं सांगता येईल. लग्न नीट लागलं. पोरगी सासरी सुखात आहे. मी फक्त त्या लग्नाची सीडी केली.

ही दोन हजार सातच्या उन्हाळ्यातली गोष्ट. जुन्नरच्या बाजारपेठेत सुवालालशेठच्या कापडदुकानावरच्या माडीत माझं इंटरनेट कॅफे होतं. कॅफे म्हणजे तीन कॉम्प्युटर, पाच खुर्च्या आणि एक पंखा. पंखा कॉम्प्युटरला वारा घालायचा, माणसांना नाही. दहावी-बारावीच्या निकालाला जिन्यापर्यंत रांग लागायची, एरवी कॉलेजची पोरं चॅटिंगला यायची आणि मी गल्ल्यावर बसून स्वतःला इंजिनिअर समजायचो. त्या समजुतीच्या भरात एक दिवस हौशीरामभाऊंना म्हणालो, "तुमच्या शूटिंगच्या सीड्या मी करून देत जाईन. त्यात काय अवघड आहे?"

हौशीरामभाऊ निरगुडसरचेच. लग्नाचं व्हिडिओ शूटिंग हा त्यांचा धंदा. कॅमेरा त्यांचा, कॉम्प्युटर माझा. कॅमेऱ्यातली कॅसेट वायरीनं कॉम्प्युटरात उतरवली की जी फाइल तयार होते, ती घरच्या सीडी प्लेअरला वाचता येत नाही. तिचं रूप बदलावं लागतं, आणि त्यासाठी सॉफ्टवेअर लागतं. मी इंटरनेटवर शोधलं, पहिल्याच ओळीत मोठ्या अक्षरांत ‘फ्री’ दिसलं, ते उतरवून घेतलं. खाली बारीक अक्षरांत काय लिहिलंय ते वाचायची आमच्यात पद्धत नाही.

लग्नाचे तीन भाग केले, तीन सीड्या केल्या, प्रत्येकीची सुरुवात लावून बघितली. झकास. हौशीरामभाऊंनी एक संच साळुबाईंना दिला, एक व्याह्यांना आणि एक घाटावरच्या आणे गावी, साळुबाईंच्या भावाला, म्हणजे नवरीच्या मामांना.

ते सॉफ्टवेअर फुकट होतं, पण नमुन्यापुरतं. पहिली काही मिनिटं ते गप्प बसायचं. मग चित्राच्या मधोमध इंग्रजी अक्षरांची तिरकी पाटी उमटायची: ही नमुना प्रत आहे, पूर्ण हवी असेल तर डॉलर पाठवा. ती पाटी नवरीच्या कपाळावर होती, भटजींच्या टकलावर होती, बुंदीच्या ताटावरही होती. आणि दुसरी गोष्ट त्याहून वाईट. प्रत्येक भागाचं शेपूट ते कापून टाकायचं. पहिल्या भागाच्या शेवटी हळदीतल्या बायका नाचत होत्या. त्या थोड्या कमी नाचल्या तर कुणाच्या लक्षात येणार? दुसऱ्या भागाच्या शेवटी मात्र मानपान होता.

इथं मामांचं सांगायला हवं. आण्याचे गेनभाऊ आणि त्यांची बहीण साळुबाई एकमेकांशी बरीच वर्षं बोलत नव्हते. कारण एक म्हैस. तेजस्विनी लहान असताना दुधाला म्हणून भावानं बहिणीकडे म्हैस पाठवली, ती तिथं मेली. "चारा घातला न्हाई," भाऊ म्हणाला. "आजारीच पाठवली व्हती," बहिणीच्या सासूनं सांगितलं. राखी बंद, भाऊबीज बंद. तेजस्विनीच्या लग्नाला चार जुनी माणसं मध्ये पडली तेव्हा गेनभाऊ यायला तयार झाले. अट एकच, भर मांडवात मान झाला पाहिजे. तो झाला. लग्न लागल्यावर दोन्हीकडच्या पाहुण्यांना फेटे बांधले आणि सगळ्यांत शेवटी साळुबाईंच्या मालकांनी गेनभाऊंना स्वतःच्या हातानं फेटा बांधला. भाऊ-बहीण एकमेकांच्या गळ्यात पडून रडले. हौशीरामभाऊंनी ते जवळून घेतलं होतं.

सीडी आली तशी गेनभाऊंनी घरच्या टीव्हीसमोर आळीतली झाडून सगळी माणसं बसवली. ‘बहिणीकडं जाऊ नको’ म्हणणारे तर मुद्दाम पुढं बसवले. नवऱ्याच्या मामाला फेटा बांधला. नवऱ्याच्या चुलत्याला बांधला. मग माइकवरून आवाज आला, "आता वधूचे मामा, आणेगावचे श्री. गेनभाऊ..." पडद्यावर गेनभाऊ खुर्चीतून उठले, धोतर सावरलं, एक पाऊल टाकलं आणि सीडी संपली. तिसरी लावली तर थेट बुंदीची पंगत.

पुढं बसलेल्यातलं कुणीतरी हसलं. गेनभाऊंनी त्याच संध्याकाळी बहिणीला फोन केला. "मुद्दाम कापलं तुमी. बाकी समद्यांचे फेटे दिसत्यात, माझाच बरा न्हाई दिसत? माझ्या पोराच्या लग्नाची पत्रिका छापून आलीया. ती तुझ्या दारात यायची न्हाई. सांगून ठेवतो."

साळुबाई हौशीरामभाऊंच्या ओट्यावर येऊन बसल्या. रागावल्या नाहीत, ते जास्त वाईट. एवढंच म्हणाल्या, "हौशा, लई वर्सांनी माहेर गावलं व्हतं रं."

दुसऱ्या दिवशी सकाळी हौशीरामभाऊ माझा जिना चढून आले. खुर्चीत बसले. मिशी दोन्ही बाजूंनी नीट केली. हे ते भांडणाआधी करतात.

"सूरजशेठ," ते म्हणाले, "नवरीच्या कपाळावर काय लिवलंय ते जरा मराठीत सांगता का?"

मी सांगितलं.

"म्हंजी आपण लोकांच्या पोरीच्या कपाळावर जाहिरात चिकटवली."

"भाऊ, चूक झाली. आजच्या आज दुरुस्त करतो. त्याच सॉफ्टवेअरची पूर्ण सीडी पुण्यात फुटपाथवर पन्नास रुपयाला मिळते. सगळे तीच वापरतात. उद्या आणतो."

"चोरीची?"

"चोरीची म्हणजे... कॉपी."

"चोरीचा माल आपल्या मशीनीत घालायचा न्हाई."

"मशीन माझी आहे, भाऊ."

"लगीन माझं हाये."

यापुढं बोलण्यात अर्थ नव्हता, कारण या वाक्यामागं एक आख्खा व्हीसीआर उभा होता. नव्वदीच्या सुरुवातीला हौशीरामभाऊंचा धंदा म्हणजे जत्रेत व्हिडिओ दाखवणं. टीव्ही, व्हीसीआर आणि कॅसेटींची पेटी घेऊन गावोगाव फिरायचे. देवळासमोर पांढरं धोतर बांधून आडोसा केला की झालं थिएटर. कॅसेटी अर्थातच चोरून काढलेल्या. एका जत्रेत ऐन मारामारीच्या सीनला पोलीस आले आणि टीव्ही-व्हीसीआर दोन्ही उचलून नेले. गावकऱ्यांना वाटलं सिनेमातलेच पोलीस आहेत, त्यांनी शिट्ट्या मारल्या. फार दिवसांनी व्हीसीआर परत मिळाला तेव्हा त्याच्या पोटात उंदरीण व्याली होती. हौशीरामभाऊ तो किस्सा हसत सांगतात, पण पिल्लांपाशी आले की हसणं थांबतं. त्यांच्या वडिलांनी तो व्हीसीआर घ्यायला दुभती गाय विकली होती. तेव्हापासून ते चोरीच्या मालाला हात लावत नाहीत, आणि आपण हात लावत नाही हे भेटेल त्याला सांगतात. हे दुसरं जरा कमी केलं तर बरं होईल, पण असो.

मग त्यांनी जुना कॅमेरा घेतला. खांद्यावर ठेवायचा, पोत्याएवढा. सोबत असा लाइट की त्याच्या उजेडात नवरी वितळायची. लग्नात भटजींपेक्षा यांचा हुकूम चालायचा. "नवरदेव, हार काढा. पुन्हा घाला. हसत घाला, पोलीसस्टेशनात बसल्यागत काय करताय?" एकदा तर कन्यादान पुन्हा करायला लावलं होतं; मुलीचे वडील म्हणाले, "बाबा रे, एकदाच देताना जीव जातोय." नवरा-नवरीला बदामात बसवणं, गुलाबातून काढणं, हे सगळं ते नारायणगावच्या एका मिक्सिंगवाल्याकडून करून घ्यायचे. त्या मिक्सिंगवाल्यानं पुढं स्वतःच कॅमेरा घेतला आणि यांची कामं घेणं बंद केलं. म्हणून तर ते माझ्या बढाईला फसले.

"नवीन करून द्यायची," हौशीरामभाऊ म्हणाले. "गेनभाऊ पत्रिका वाटायला निघायच्या आत."

"कॅसेट आहे ना?"

"कॅसेटवर आता पारगावचं लग्न हाये."

कॅसेट महाग; पुसून पुन्हा वापरायची ही सगळ्याच शूटिंगवाल्यांची रीत. म्हणजे तेजस्विनीचं लग्न आता जगात एकाच ठिकाणी उरलं होतं, माझ्या दुसऱ्या नंबरच्या कॉम्प्युटरात. मी त्या कॉम्प्युटरवरून चॅटिंगवाल्या पोराला ताबडतोब उठवलं.

"मग हा कॉम्प्युटरच आण्याला नेऊन दाखवू," मी म्हणालो.

"इचारलं मी फोनवर. गेनभाऊ म्हणला, कॉम्प्युटरात काय बी दाखवत्यात, मेलेला माणूस नाचवत्यात. माझ्या टीव्हीवर, माझ्या प्लेअरवर लागंल तेच खरं."

तेव्हा हौशीरामभाऊंनी ठरवलं की फुकटचंच घ्यायचं, पण खरोखर फुकटचं, आणि बघून घ्यायचं. बेल्ह्याच्या बाजारात बैल घेताना माणूस जसा दात बघतो, शेपटीला हात लावतो, चार पावलं चालवतो, तसं. ते रोज निरगुडसरहून मोटारसायकलवर यायचे आणि माझ्या शेजारी बसायचे. माउसला हात लावायचे नाहीत. "तुझं काम तू कर," म्हणायचे, आणि मग प्रत्येक कामात बोट घालायचे.

पहिलं उतरवलं त्यानं सीडी केली नाही. इंटरनेटच्या खिडकीवर स्वतःची एक पट्टी चिकटवली आणि दर दोन मिनिटांनी केस वाढवायचं तेल दाखवायला लागलं. "दात बघायच्या आधीच लाथ," भाऊ म्हणाले. दुसऱ्यानं चित्र केलं, पण सगळं आडवं ताणलेलं. नवरी वरमाईएवढी दिसायला लागली. मी म्हटलं, चालेल, चेहरा तर दिसतोय. भाऊंनी माझ्याकडे असं बघितलं की मी ते गुपचूप पुसलं. तिसऱ्याला मात्र मी मनातून हार घालून ठेवला होता. पाटी नाही, ताण नाही, शेपूटही शाबूत.

"लग्न लाव," भाऊ म्हणाले.

ही त्यांची परीक्षा. सगळी फिल्म कशाला बदलायची? मंगलाष्टकं संपतानाचा तुकडा कापून घ्यायचा आणि तेवढाच बदलून बघायचा. भटजी ‘सावधान’ म्हणतात, मग अक्षता पडतात, मग बँड वाजतो. या क्रमात काडीचा फरक चालायचा नाही. मी तुकडा लावला. अक्षता पडल्या. बँडवाल्यानं गाल फुगवले. सगळा मांडव टाळ्या वाजवायला लागला. आणि त्यानंतर भटजींचा आवाज आला, "...सावधान!"

"बाद," भाऊ म्हणाले.

"भाऊ, एवढंसं तर पुढंमागं आहे. कोण बघतंय?"

"गेनभाऊ बघतोय. ‘माझ्या नावाचा पुकारा फेटा बांधून झाल्यावर केला’ म्हणंल. आधी सावधान, मग अक्षता. अक्षता आधी टाकल्या तर लगीन लागलं का नुसतं तांदूळ सांडलं?"

चौथं, पाचवं. कुणाला आवाजच नव्हता, कुणी अर्ध्यात बंद पडलं. मी वैतागलो होतो. खरं सांगायचं तर मी मनातल्या मनात पन्नास रुपये काढून ठेवले होते.

तेवढ्यात नीलम चहा घेऊन वर आली. नीलम म्हणजे सुवालालशेठची मुलगी. पुण्यात कॉम्प्युटरचं शिकत होती, सुट्टीला आली होती. शेठनी आमच्या आरडाओरड्याची चौकशी करायला चहाच्या निमित्तानं पाठवली असणार. तिनं स्क्रीनवर वाकून बघितलं आणि विचारलं, "तुम्ही निवडताय कसं?"

"फ्री लिहिलेलं घेतोय," मी म्हणालो.

"आमच्या दुकानात साडीवर ब्लाऊजपीस फ्री असतो. तो खरंच फ्री असतो का?"

"नीलम!" खालून शेठचा आवाज आला. जिन्यात ऐकू जात होतं.

"खरं तेच सांगतेय, पप्पा." ती भाऊंकडे वळली. "काका, हे सगळे ब्लाऊजपीस आहेत. साडी विकायला ठेवलेले. दुसरं एक सॉफ्टवेअर असतं, ते बनवणारे लोक देशोदेशी आहेत, कुणी पगारी नाही. जमेल तसं ज्यानं त्यानं थोडं लिहायचं. बनवलेलं सगळ्यांना खुलं. आत काय घातलंय तेही उघडून बघा, बदला, वाटा."

हौशीरामभाऊ चहाची बशी हातात धरून बसले. "म्हंजी आण्याच्या जत्रेतल्या आमटीवाणी," ते म्हणाले. "कढई गावाची, भाकरी घराघरातनं येती. जेवणाऱ्याला कुनी जात इचारत न्हाई का पैसं. पर सूरजशेठ, त्या आमटीला कुनी नाव ठेवलेलं ऐकलंय का?"

"तिखट असते," मी म्हणालो.

"म्हंजी काम करती. हेच घ्यायचं."

नीलमनं नाव सांगितलं, मी ते उतरवलं आणि उघडलं. काळी खिडकी आली. त्यात एक पांढरी रेघ लुकलुकत होती. बटण नाही, चित्र नाही, ‘पुढे’ नाही, ‘मागे’ नाही.

"हे काय?" मी विचारलं.

"हुकूम टाइप करायचा," नीलम म्हणाली आणि कप गोळा करून खाली गेली. तिच्या आवाजात दया होती, ती मला अजून पचलेली नाही.

एमएससीआयटीला मला चांगले मार्क होते, पण ती परीक्षा बटणांची होती. पुढचे दिवस मी हुकूम टाइप करत होतो आणि ते मला इंग्रजीतून माझ्या चुका सांगत होतं. एक स्वल्पविराम चुकला की हटून बसायचं. "शिव्या देतंय का?" भाऊ विचारायचे. "तसंच," मी म्हणायचो. "दिऊ दे. खोटं तर बोलत न्हाई." पाटी कुठंही नव्हती. चित्र स्वच्छ, माणसं आपापल्या जाडीची. मग मी लग्न लावलं.

अक्षता पडल्या. मग सावधान.

मी खुर्ची मागं ढकलली. "भाऊ, बास. मी उद्या पुण्याला जातो. तुम्ही डोळे मिटा, कुणाला कळणार नाही."

"मला कळंल." मग मिशीला हात न लावता ते म्हणाले, "सूरज, ती माझ्या ओट्यावर बसून ‘माहेर गावलं व्हतं’ म्हणली. तिला मी चोरीचं माहेर नेऊन दिऊ का? ज्यांनी ही आमटी केली, त्यांनाच इचार की, मीठ कमी का पडलं."

मला ते पटलं असं नाही. पण माणूस तालुका ओलांडून रोज येतो, जेवणाचा डबा बांधून आणतो आणि डब्यातली अर्धी भाकरी मला देतो, त्याला नाही म्हणता येत नाही. ते सॉफ्टवेअर वापरणारे लोक जिथं एकमेकांना प्रश्न विचारायचे, अशी एक जागा इंटरनेटवर होती. तिथं मी माझ्या इंग्रजीत लिहिलं. लग्न, तांदूळ, पुरोहिताचा शब्द, सगळं लिहिलं. लिहून झाल्यावर वाचलं तर वाटलं, यांना वाटेल कुणी वेडा आहे.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलेलं होतं. लिहिणाऱ्यानं नावाच्या जागी माशाचं चित्र लावलं होतं; बर्फाच्या देशातला कुणीतरी होता. त्यानं विचारलं नाही की तांदूळ कशाला टाकता. त्यानं लिहिलं होतं: तुझा कॅमेरा आवाज एका मापानं मोजतो आणि सीडीला दुसरं माप लागतं, माप बदलताना घोळ होतोय. आधी आवाज वेगळा काढ, त्याचं माप बदल, मग चित्राला जोड. खाली हुकूम लिहून दिला होता, जसाच्या तसा. आणि शेवटी एक ओळ: नीट झालं तर इथंच लिहून कळव, कॅमेरा कोणता तेही सांग, पुढच्या माणसाला उपयोग होईल.

मी हुकूम टाइप केला. भाऊ उभे राहिले, मंगलाष्टकांना बसत नाहीत म्हणून असेल.

"...सावधान!" भटजी म्हणाले. अक्षता पडल्या. बँड वाजला.

हौशीरामभाऊंनी टाळ्या वाजवल्या. चॅटिंगवाल्या दोन पोरांनीही वाजवल्या, कशाला ते त्यांना ठाऊक नव्हतं.

आता फक्त पूर्ण फिल्म बदलायची राहिली होती. माझ्या कॉम्प्युटरचा वेग बघता ते दिवसभराचं काम, आणि त्या वर्षीचं भारनियमन आठवत असेल त्यांना पुढचं सांगायला नको. मी सकाळी लावलं, दुपारी वीज गेली, सगळं गेलं. दुसऱ्या दिवशी वेळ बदलून लावलं, तर वेळापत्रकाबाहेरची वीज गेली. माझ्या बॅटरीवर कॉम्प्युटर फक्त बंद करण्यापुरता चालायचा. तिकडं आण्याहून खबर आली की गेनभाऊ उद्या पत्रिकांना कुंकू लावणार.

हौशीरामभाऊ जिना उतरले. तासाभरानं खाली गल्लीत असा काही आवाज सुरू झाला की सुवालालशेठच्या काचा थरथरल्या. भाऊंनी ओळखीच्या मांडववाल्याचा जनरेटर टेम्पोत घालून आणला होता आणि दुकानाच्या पायरीशी उभा केला होता.

"हौशीराम!" शेठ ओरडले. "गिऱ्हाइकाला भाव सांगतो तर ऐकू जात नाही!"

"शेठ, तुमच्या पोरीनंच सुचवलंय!"

"जनरेटर?"

"आमटी!"

शेठना काही कळलं नाही, पण दिवसभर त्यांनी तक्रारही केली नाही. त्या आवाजात घासाघीस करणं कुणालाच जमत नव्हतं. बायका चिठ्ठीवरची किंमत बघून मान हलवत होत्या. संध्याकाळी दुकान बंद करताना शेठ म्हणाले, "उद्या पण आण."

उद्या गरज नव्हती. तिन्ही भाग शेपटासकट झाले होते. या वेळी मी प्रत्येक सीडी पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितली, बुंदीच्या पंगतीसकट.

सकाळी आम्ही मोटारसायकलवर आण्याचा घाट चढलो. गेनभाऊ अंगणात घोंगडीवर पत्रिका मांडून बसले होते, शेजारी कुंकवाचं तबक. त्यांनी आम्हाला बसा म्हटलं नाही. त्यांच्या बायकोनं, ठमाबाईंनी, पाणी आणून दिलं. हौशीरामभाऊंनी सीडी पुढं केली.

"तुमच्या टीव्हीवर, तुमच्या प्लेअरवर. मी हात लावत न्हाई."

गेनभाऊंनी स्वतः उठून लावली. दुसरा भाग. पुढं पळवायला त्यांनी नकार दिला, म्हणून आम्ही सगळं लग्न बसून पाहिलं. सावधान झालं, अक्षता पडल्या. नवऱ्याच्या मामाचा फेटा, चुलत्याचा फेटा. माइकवर नाव पुकारलं. गेनभाऊ खुर्चीतून उठले, धोतर सावरलं, एक पाऊल टाकलं. मी प्लेअरकडे बघितलं. दुसरं पाऊल टाकलं.

फेट्याचा पदर डोक्याभोवती फिरला. पडद्यावर साळुबाई गर्दीतून आल्या आणि त्यांनी भावाच्या खांद्यावर डोकं ठेवलं. गेनभाऊंनी तेवढंच मागं घेऊन पुन्हा लावलं. आणि पुन्हा.

"फेटा जरा डावीकडं कललाय," शेवटी ते म्हणाले.

"डोस्कंच डावीकडं हाये तुमचं," ठमाबाई म्हणाल्या. "बिचारीला फोनवर काय काय बोललात."

गेनभाऊंनी टीव्ही बंद केला. घोंगडीवरून एक पत्रिका उचलली, कुंकू लावलं आणि हौशीरामभाऊंपुढं धरली. "तुमी निरगुडसरलाच चाललाय न्हवं? एवढी देता का साळूला?"

मी हात पुढं केला होता. हौशीरामभाऊंनी तो खाली केला.

"पावणं, मी सीडीवाला. सीडी दिली, काम झालं. भनीला आवतान भावानं नेऊन द्यायचं असतं."

"लई ऊन हाये हो."

"माझ्या गाडीवर तिघं बसतो आपण. सूरज बारीक हाये."

ठमाबाईंनी आतून टोपी आणून नवऱ्याच्या हातात दिली. तिघं एका मोटारसायकलवर घाट उतरलो. गेनभाऊ मध्ये, हातात पत्रिका वाऱ्यानं उडू नये म्हणून छातीशी धरलेली. मी मागं, निम्मा गाडीवर आणि निम्मा हवेत. साळुबाई परसात शेण थापत होत्या. भावाला दारात बघून त्यांना आधी हात धुवावेत की आधी रडावं ते कळेना. त्यांनी दोन्ही एकदम केलं. आम्ही बाहेरच थांबलो. आतून थोड्या वेळानं म्हशीचा विषय निघाल्याचं ऐकू आलं, तेव्हा हौशीरामभाऊ म्हणाले, "चला, आता बरं चाललंय त्यांचं. निघू."

गेनभाऊंच्या पोराच्या लग्नाचं शूटिंग हौशीरामभाऊंनीच केलं. सीडी मी केली, त्याच काळ्या खिडकीतून. साळुबाई त्यात वरातीत नाचताना दिसतात.

राहता राहिला तो माशाचं चित्र लावलेला माणूस. नीट झालं तर कळव, एवढंच त्यानं मागितलं होतं. मी त्याच दिवशी दोन ओळी लिहून टाकणार होतो. भाऊंनी अडवलं. "नुसतं थँक्यू लिवायचं न्हाई. त्यानं कुनाचं काय केलंय ते त्याला कळाया नको? फेट्याचं लिव. साळुबाईचं लिव. म्हशीपास्नं सुरू कर." मी म्हशीपासून सुरू केलं. ‘मानपान’ला इंग्रजीत काय म्हणतात तिथं अडलो. नीलमला विचारावं तर तोवर ती पुण्याला परत गेली होती आणि मला तिची दया पुन्हा नको होती. मग लग्नसराई संपली, निकाल लागले, जिन्यापर्यंत रांग आली.

त्या जागेवर माझा प्रश्न आहे, त्याखाली त्याचं उत्तर आहे आणि त्याखाली काही नाही. हौशीरामभाऊ जेव्हा केव्हा जिना चढून येतात, तेव्हा बसायच्या आधी विचारतात, "लिवलं का रं त्याला?"

"लिहितोय," मी म्हणतो.